माझ्या नावाचा माड आणि आईचा संडास

आईने पाणी पिणं कमी केलंय हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तिने सांगितलं नव्हतं. सकाळी भरून ठेवलेला तांब्या दुपारी तिच्या खाटेशेजारी तसाच होता, वर फुलपात्र पालथं. एप्रिल संपत आला होता. नुसतं बसलं तरी घाम निथळत होता. आणि गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झालेली बाई सकाळपासून दोन घोटांवर होती.

"आई, पाणी कित्या पिऊक नाय?"

"तान नाय लागली."

"खोटा बोला नको."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पितंय. पण मगे जातलंय खंय?"

बरोबर होतं. जायला जागा नव्हती. आमचा संडास तीन दिवस उलटा वाहत होता.

हे मी सरळ लिहिणार आहे. या विषयावर सगळे नाक दाबून बोलतात आणि म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो. फ्लश ओढला की भांड्यातलं पाणी खाली जायच्या ऐवजी वर यायचं. काठाला येऊन थांबायचं, आता उतरेल अशी आशा लावायचं, आणि मग काठावरून निवांतपणे लादीवर. त्यात जे असायचं ते असायचं. मी आणि बाबा पायांत प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, बादली, खराटा आणि फिनेल घेऊन दिवसातून तीनदा तेच काम करत होतो. पहिल्या दिवशी मला ओकारी आली. दुसऱ्या दिवशी राग. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. हात आपोआप खराट्याकडे जात होते.

बाबा निवृत्त कंडक्टर. त्यांचं निदान पहिल्याच सकाळी तयार होतं.

"पुनवेचा उधाण आसा. पाणी वर इला. भांग लागलो काय आपसूक उतरतला."

आमच्या घरामागे खाडी आहे, हाक मारली तर पलीकडे ऐकू जाईल एवढी. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती येते तेव्हा वाळूखालचं पाणी चढतं, विहीर वर येते आणि शोषखड्ड्यातलं पाणी जमीन घेत नाही. हे खरं आहे. लहानपणापासून आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर बघून संडासचा अंदाज बांधत आलो. पौर्णिमेला पाहुण्यांना राहायला बोलवायचं नाही, हा आमच्या घरातला नियम कुणी कधी बोलून दाखवला नाही, पण मोडलाही नाही. अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर मोडतो, त्याला भांग म्हणतात. तेव्हा सगळं सुरळीत होतं. म्हणून याही वेळी आम्ही थांबलो. पौर्णिमा गेली, प्रतिपदा गेली, द्वितीया आली. बाबा मध्येच झावळीचा सोललेला दांडा घेऊन पाइपात खुपसत होते आणि म्हणत होते, "उतरता, उतरता."

या सगळ्यात आई दिवसातून एकदाच संडासला जात होती. रात्रभर पाणी थोडंफार मुरायचं, म्हणून पहाटे, आमच्या आधी. शेजारच्या काकींकडे जाता आलं असतं, पण त्यांचा संडास उकिडवं बसायचा, आणि आईचा गुडघा अजून तेवढा वाकत नव्हता. मग तिने सोपा उपाय शोधला होता. खायचं कमी, प्यायचं त्याहून कमी.

ही तिची जुनी कला आहे. लग्न होऊन आली तेव्हा घरात संडास नव्हता. दिवस उजाडायच्या आत माडांमागे जायचं, नाहीतर अंधार पडेपर्यंत दम धरायचा. पुढे संडास आला तरी सवय गेली नाही. कुडाळला बाजाराला जायचं असेल तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. कुणाच्या लग्नाला गेली की मांडवात सरबताचा पेला हातात घेऊन नुसता धरून ठेवायची. मी हे पंचवीस वर्षं बघितलं आणि मला ते दिसलं नाही.

आणि मी पत्रकं लिहिते. त्यासाठीच गावात ओळखली जाते. कुणी चांगल्या अर्थाने ओळखतं, बहुतेक जण नाही.

आमचा पाचसहा जणांचा गट आहे. किनाऱ्यावर लॉजिंगसाठी जे माड तोडले जातात त्याविरुद्ध आम्ही बोलतो, लिहितो, ग्रामसभेत उभे राहतो. गेल्या थंडीत आमच्याच वाडीतल्या एका लॉजवाल्याने तीन माड तोडले. ग्रामसभेत विचारल्यावर तो म्हणाला की मुळं टाकीत शिरली होती, पाहुण्यांचे संडास भरून वाहत होते. मी उभी राहिले. माझं वाक्य तयार होतं: संडास हलवता येतो, माड हलवता येत नाही, मुळांची गोष्ट ही निव्वळ सबब आहे. टाळ्या पडल्या. त्याला पुढे बोलायचं होतं. आम्ही बोलू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पत्रक निघालं, मथळा होता 'संडासाची सबब, माडाचा बळी'. एसटीच्या थांब्यावर मी ते स्वतः खळ लावून चिकटवलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी, तो भरलेला तांब्या बघितल्यावर, मला टाकी उपसणाऱ्या टँकरवाल्याचा नंबर हवा होता. वाडीत तो नंबर एकाच माणसाकडे असणार होता.

लॉजवाला अंगणात पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होता. मला बघून त्याने चिमटा दातांत धरला आणि चादर सारखी केली. मग चिमटा लावला. मग बोलला.

"ये गो पुढारी बाय. आज कोणाचो निषेध?"

"टँकरवाल्याचो नंबर व्हयो होतो."

"कित्या?"

"संडास भरलो आमचो."

"सबब असतली."

दुसरी चादर दोरीवर गेली.

"मी काय म्हणतंय," तो शांतपणे म्हणाला, "संडास हलव. संडास हलवता येता. तूच सांगलंस मां?"

मला रडायला आलं असतं, पण तीन दिवसांच्या खराट्याने तेवढीही ताकद ठेवली नव्हती. मी नुसती उभी राहिले. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, खिशातून फोन काढला आणि स्वतःच लावला. "आजच ये," तो फोनवर सांगत होता. "उद्या नको. घरात गुडघ्याचा ऑपरेशन झालेली बाई आसा."

आईच्या गुडघ्याबद्दल मी त्याला काही सांगितलं नव्हतं.

टँकर संध्याकाळच्या आत मालवणातून आला. टँकरवाला पन्नाशीचा, कमी बोलणारा, कानात अत्तराचा बोळा. बाबांनी खड्ड्याची जागा दाखवली. झाकणावर धुण्याचा दगड होता, तो आम्ही तिघांनी सरकवला. झाकण उचललं.

मला वाटलं होतं की आत काय असेल ते मला माहीत आहे. पण आत काथ्या होता. निदान तसं दिसत होतं. पेन्सिलीएवढी जाड, तांबूस मुळं, हजारो, एकमेकांत विणलेली. खड्डा जांभ्याच्या चिऱ्यांचा, सांधे कोरडे, पाणी बाहेर मुरावं म्हणून मुद्दाम उघडे ठेवलेले. त्या प्रत्येक सांध्यातून मुळं आत आली होती.

टँकरवाल्याने बॅटरी आत फिरवली. "गादी भरल्यान तुमच्या माडान," तो म्हणाला. "खंयचो तो?"

कुणी बोट दाखवायची गरज नव्हती. चार पावलांवर होता तो. आमच्या वाडीतला सगळ्यात लागता माड, नारळांची पेंढीवर पेंढी. संडास ते खड्डा पाइप नेमका त्याच्या बुंध्याखालून जात होता.

तो माझा माड होता. माझ्या बारशाला बाबांनी लावलेला. आमच्याकडे मूल झालं की माड लावतात, आणि बाबांनी, स्वतःला शहाणे समजून, तो नव्या संडासच्या पाण्यावर लावला होता. आमच्या किनाऱ्यावर असंच करतात. न्हाणीचं पाणी, भांड्याचं पाणी, काहीही पाणी वाया घालवायचं नाही, माडाच्या आळ्यात सोडायचं. बाबा सगळ्यांना दाखवायचे, "बघा, चेडवाचो माड. पाणी न घालता कसो वाढलो!" त्या माडाचे नारळ देवाला चालत नसत. आई ते बाजूला ठेवायची आणि आम्ही कढीत खायचो. पण मुळं कुठे जातात हे बाबांनी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर माडांवर पत्रकं लिहीत होते.

टँकरवाल्याने पाणी ओढून घेतलं आणि कोयत्याने हात पोचेल तेवढी मुळं कापली. ढीग पडला. हात धुताना म्हणाला, "आता चार दीस बरा चलात. पायपातली मुळां माझ्यान निघाची नाय. माड रवलो तर पावसाआधी परत माका बोलवतलास. पावसात मात्र कोण येवचो नाय. खड्डो पाण्यान भरलेलो असता."

"नवो खड्डो मारलो तर?" बाबांनी विचारलं.

"मारा. खंय?"

खरंच, कुठे? पुढे आमची विहीर. मागे काकींची. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला रस्ता. वाळूत खड्डा मारून विहिरीत घाण सोडायची नसेल तर जागा हीच होती.

तेव्हा पडवीतून आईचा आवाज आला. वॉकरला धरून ती दारापर्यंत आली होती.

"माड तोडूचो नाय."

"आई..."

"तुझो माड तो. तू जिती असताना तोडूचो नाय. तुका काय झाला तर?"

"काय होतला? माका नि माडाक काय संबंध?"

"तुका नसात. माका आसा."

यावर माझ्याकडे पत्रकातली वाक्यं होती. अंधश्रद्धेवर मी एक अख्खं पान लिहिलेलं आहे. पण वॉकरला धरून थरथरत उभ्या असलेल्या बाईसमोर ती वाक्यं काढायला मला लाज वाटली. टँकरवाला पाइप गुंडाळत होता आणि मुद्दाम आमच्याकडे बघत नव्हता.

त्या रात्री संडास चालला. दुसऱ्या सकाळीही. आई म्हणाली, "झाला मां? आता माडाचा नाव काढा नको." तिसऱ्या दिवशी फ्लश ओढल्यावर पाणी अर्ध्यावर येऊन थांबलं आणि बराच वेळ गुळगुळ करून मग उतरलं. मी ते ऐकलं. बाबांनी ऐकलं. दुपारी खाटेशेजारचा तांब्या पुन्हा तसाच, फुलपात्र पालथं.

मी थकले होते. हे कारण आहे की निमित्त, मला माहीत नाही. आंदोलन करणाऱ्या माणसाला दोनच गोष्टी येतात, पत्रक काढणं आणि उपोषणाला बसणं. पत्रकाचा इथे उपयोग नव्हता. आई चष्म्याशिवाय वाचत नाही आणि चष्मा लावून माझं वाचत नाही. मी माझी पाण्याची बाटली तिच्यासमोर नेली आणि खिडकीतून अबोलीच्या रोपात ओतली.

"ह्या काय?"

"तू पिऊक नाय तर मी पण पिऊक नाय."

"गप रव. उनाचे दीस."

"होय. उनाचे दीस."

बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले, "आता घरात मोर्चो काढल्यान."

"तुमी बोला नकात," आई त्यांच्यावर उखडली. "खड्ड्यावर माड कोणी लावलो?"

बाबांनी वर्तमानपत्र वर धरलं.

मी तिच्या खाटेपाशी लादीवर बसून राहिले. उपोषणाला मी दोनदा बसलेय, मंडपात, फलक लावून, भोवती माणसं असताना. ते सोपं असतं. इथे पंख्याची घरघर होती आणि आई दर थोड्या वेळाने माझ्या ओठांकडे बघत होती. दोन वाजता तिने विचारलं, "डोक्या दुखता?" मी म्हटलं, दुखतं. तीन वाजता तिने स्वतः तांब्या उचलून माझ्यापुढे केला. मी हात मागे घेतला. "आधी तू."

"पिलंय तर जाऊचा लागतला."

"म्हणानच सांगतंय."

ती चिडली. मला मेली म्हणाली, अवदसा म्हणाली, बापाच्या वळणावर गेलीस म्हणाली. मग चारच्या सुमारास, भिंतीकडे तोंड करून: "त्याचोच नारळ रुजलेलो आसा मागल्या ढिगाऱ्यात. तो आधी लाव. तो मातयेत गेलो काय मगे ह्यो तोड. आधी तो."

मी हो म्हटलं. मला त्यात काही पटत होतं असं नाही. पण ती माझ्यासाठी एवढी तडजोड करत होती, आणि मी तिच्यासाठी एवढं तोंड बंद ठेवू शकत होते. तिने तांब्यातून फुलपात्रात ओतलं, अर्धं प्यायली, अर्धं मला दिलं.

नारळ तिनेच निवडला, वॉकरवर उभी राहून, वीतभर कोंब आलेला. जागाही तिनेच दाखवली: न्हाणीच्या पाण्याचा पाट जिथे बाहेर पडतो तिथे, खड्ड्यापासून सहा पावलांवर.

"हयसर पाणी बरा गावतला," बाबा उत्साहाने म्हणाले. "पोसतलो."

मी दोघांकडे बघितलं. दोघांचे चेहरे साफ होते. त्यांना खरंच काही आठवलं नव्हतं. मी पावलं मोजत कुंपणापर्यंत गेले, पार टोकाला, आणि तिथे खड्डा काढायला लागले.

"थयसर पाणी कोण घालतला?" आईने लांबून विचारलं.

"मी."

"तू? तू घरात असतंस खंय?"

मी नारळ लावला.

दोन दिवसांनी पाडेली आला, नारळ काढणारा. वर चढण्याआधी त्याने बुंध्याला हात लावून कपाळाला लावला. घर जवळ असल्यामुळे माड सरळ पाडता येत नव्हता. आधी झावळ्या, मग शेंडा, मग खोड दोरीला बांधून तुकड्या-तुकड्याने. दोरी लॉजवाल्याची होती. तो स्वतःच घेऊन आला होता, आणि माझ्याबरोबर खालून धरायलाही थांबला. आई आतल्या खोलीत दार लोटून बसली होती. पहिला तुकडा पडला तेव्हा घरातल्या भांड्यांचा आवाज झाला.

मी लॉजवाल्याला म्हटलं, "मी चूक लिवलंय. मुळांची गोष्ट सबब नव्हती."

त्याने दोरी सैल सोडली, वर बघत. "तीन माडांतलो एकच मुळांचो होतो," तो म्हणाला. "बाकीचे दोन गाडये लावूक तोडलंय."

"मगे तेव्हा तसा सांगलास कित्या नाय?"

"तू बोलाक दिलंस?"

पुढचा तुकडा खाली आला. मला एकदम दोन्ही बाजूंनी राग आला, त्याच्यावर आणि माझ्यावर, पण त्याचं काही करायला हात मोकळे नव्हते. त्या दोन माडांसाठी मी पुन्हा ग्रामसभेत उभी राहणार आहे, हे मी त्याला तिथेच सांगितलं. "रव," तो म्हणाला. "पण माझा आयकान घे." मुळांच्या माडाबद्दल माझ्याच नावाने दुरुस्तीचं पत्रक काढायचं आहे. अजून लिहून झालेलं नाही. मथळा सुचत नाही.

शेंड्यातला पांढरा गाभा बाबांनी कापून वाडीत वाटला. गोड लागतो. आईने तोंडाला लावला नाही. मी खाल्ला, आणि तिने मला खाताना बघितलं, आणि काही झालं नाही हे बघायला बराच वेळ बघत राहिली.

मग पाइप खणून काढला. त्याच्या आत सबंध लांबीभर मुळांचा एक दोर तयार झाला होता. बाबांनी ओढला तर सापासारखा सलग बाहेर आला. नवा पाइप घातला. खड्ड्याच्या सांध्यांतली मुळं आता वाळत जातील, असं टँकरवाला म्हणतो. पहिल्या दिवशी आई आत गेली, कडी लावली, आणि मी आणि बाबा अंगणात उभे राहिलो, निकालाची वाट बघत असल्यासारखे. फ्लशचा आवाज आला. मग पाणी एका दमात खाली गेल्याचा आवाज. मग पुन्हा फ्लश. गरज नसताना, नुसती खात्री करायला.

"गेला," ती आतून म्हणाली.

त्याला आता तीन आठवडे झाले. संध्याकाळी मी दोन बादल्या घेऊन कुंपणाच्या टोकाला जाते. विहिरीपासून लांब आहे, वाळूत पाय रुततात, आणि बैठक असली तरी आधी हे करावं लागतं. आई पडवीत खुर्चीवर बसलेली असते, हातात भरलेलं फुलपात्र.

"घातलंस?"

"घातलंय."

"दोन्ही बादले?"

"दोन्ही."

मग ती पिते, संपूर्ण, आणि तांब्याकडे हात करते.